यशवंतमामांची काळी शाई

घाबरट माणसाची चेष्टा करायला मला पहिल्यापासून आवडतं, आणि यशवंतमामांइतका घाबरट माणूस अख्ख्या भोरात दुसरा नव्हता. त्यामुळे बावीस वर्षं माझं बरं चाललं होतं. त्यांचा फोटोचा गाळा आणि माझं फ्रेमचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, तीही पत्र्यापर्यंत न पोचलेली. मी काच कापायला घेतली की तिकडून हमखास आवाज यायचा, "ताई, लागलं न्हाई ना?" इतक्या वर्षांत मला एकदाच लागलं, आणि तेही मामांच्या या प्रश्नानं दचकून.

मामांना भीती वाटायची ती उन्हाची, पाण्याची, धुराची आणि लाईट जाण्याची. हे सगळे त्यांच्या फोटोंचे वैरी. छापलेला फोटो फ्रेमसाठी माझ्याकडे आणायचा तर दहा पावलं चालावं लागे. तेवढ्यासाठी ते फोटो मामींच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून, वर छत्री धरून आणायचे, पाऊस असो नसो. "मामा, नवरी आणताय का?" मी विचारायची. "नवरी उन्हानं काळी पडती, ताई. ह्यो पांढरा पडंल," ते म्हणायचे, आणि लुगडं सोडायच्या आधी माझे हात कोरडे आहेत का ते बघून घ्यायचे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कापसाचा बोळा असायचा. कुठं थेंब पडला तर जवळ असावा म्हणून.

लग्नं, बारशी आणि पासपोर्टचे फोटो समोरच्या चकचकीत स्टुडिओनं कधीच पळवले होते. मामांकडे उरलं होतं गेलेल्या माणसांचं काम. पासबुकावरचा, मतदानाच्या कार्डावरचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात तिसऱ्या रांगेत अर्धा लपलेला नखाएवढा चेहरा घेऊन लोक यायचे. मामा तो कॉम्प्युटरवर घेऊन आठ-आठ दिवस साफ करायचे आणि भिंतीवर लावण्याजोगा मोठा काळापांढरा फोटो करून द्यायचे. रंगीत मागितला तर नाही म्हणायचे. "रंगीत फोटुतला मानूस आत्ता च्या मागंल आसं वाटतं. घरातली बाई रोज दचकती. काळ्यापांढऱ्यात कसं, गेलेला मानूस गेलेला दिसतो, पर घरातच दिसतो."

मामा बौद्ध. त्यांच्या घरी पितृपक्ष नाही, पिंड नाही, कावळा नाही. पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात जायचे, बस. पण भाटघरपासून सारोळ्यापर्यंत आणि वर वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत कुणाच्या घरचा म्हाळ कुठल्या तिथीला, हे त्यांना तोंडपाठ. पितृपक्षातल्या पितरांच्या जेवणाला आमच्याकडे म्हाळ म्हणतात. "तुम्ही मानत नाही, मग पाठ कशाला करता?" मी एकदा डिवचलं. "त्या दिशी माज्या फोटुची परीक्षा आस्ती," ते म्हणाले.

ती परीक्षा कसली ते सांगायला हवं. डोंगरातल्या घरांत अजून चूल पेटते, आणि वर्षभरात काचेच्या आतही काजळी शिरते. म्हणून म्हाळाच्या दिवशी फोटो भिंतीवरून उतरवायचा, मागची पाठ उघडायची, फोटो बाहेर काढायचा आणि ओल्या फडक्यानं पुसायचा. याला अंघोळ घालणं म्हणतात. म्हाताऱ्याला अंघोळ घातली का, असंच विचारतात. जुने फोटो मामांनी अंधाऱ्या खोलीत पाण्यातच धुऊन काढलेले. त्यांना फडक्याचं काही वाटत नसे. लोकांची सोय म्हणून फ्रेमच्या पाठीला खिळ्यांऐवजी फिरत्या पट्ट्या लावायची टूम माझी. तिचा मला तेव्हा फार अभिमान होता.

प्रिंटर आला आणि मामांची झोप गेली. रंगीत शाया एकत्र करून प्रिंटर जो करडा रंग काढतो, तो काही महिन्यांनी हिरवट पडतो, नाहीतर गुलाबी. "हिरवा पडलेला म्हातारा बगितलाय का तुमी? म्या बगितलाय. चार दिस घास उतरला न्हाई." म्हणून त्यांनी सगळे रंग काढून टाकले आणि प्रिंटरला नुसत्या काळ्याच शाया भरल्या. एक काळी, एक गडद राखाडी, एक फिकी आणि एक त्याहून फिकी. कंपनीच्या त्या शाया महाग होत्या पण इमानी होत्या. मग एक दिवस कंपनीनं कळवलं, तुमचं मॉडेल जुनं झालं, या शाया आता मिळणार नाहीत. मामा माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले ते उठेचनात. मी चहा मागवला, तो गार झाला. "आता बदली शाई आली," ते म्हणाले, "म्हंजी आपलं पोर दुसऱ्याच्या हातात द्यायचं."

पुण्यात बदली शाया विकणारा एक दुकानदार होता. त्याच्याकडून बाटल्या एकेक करून यायला लागल्या. मामांनी शायांच्या दोनच जाती केल्या, मुरणारी आणि बसणारी. "मुरनारी साखरंवानी. कागदात विरघळती, दिसायला लई ग्वाड, पर पानी लागलं की चालली. बसनारी हळदीवानी. तिची पूड कागदावर बसती. दिसायला जरा कोरडी, पर धरून ऱ्हाती. प्रिंटरचं नाक चोंदवती, तेवढा तिचा तरास." प्रत्येक बाटलीच्या ते बोटभर रुंदीच्या पट्ट्या छापायचे, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उतरत जाणाऱ्या. एक पट्टी अर्धी झाकून खिडकीत उन्हाला. एक पाण्यात. एक नाक्यावरच्या चहाच्या टपरीत, स्टोव्हच्या वर. टपरीवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, हे मामांचे पाहुणे, धूर खायला आलेत. मी म्हणायची, "सगळ्या काळ्याच तर दिसतायत, आणखी काय पाहिजे?" मामा मान हलवायचे. "पैल्या दिशी सगळीच शाई काळी आस्ती, ताई."

सारोळ्याच्या पुलाजवळ धाबा असलेला एक माणूस एकदा गाडी चालू ठेवूनच आत आला. वडिलांचा फोटो त्याला संध्याकाळी हवा होता. मामांनी सांगितलं, नवी बाटली उन्हात आहे, दोन महिने थांबावं लागेल. तो भडकला. मामा घाबरून खुर्चीच्या मागे गेले, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली, पण तिथूनच म्हणाले, "वडलांस्नी जाऊन अठरा वर्सं झाली म्हंता. त्येंनी कुटं घाई केली?" तो तणतणत समोरच्या स्टुडिओत गेला. दीड वर्षानं जांभळे पडलेले वडील घेऊन परत आला, आणि या वेळी गाडी बंद करून आला. मी मामांच्या दारात येऊन पोट धरून हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी तो जांभळा फोटो किती तरी वेळ हातात धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या माजं बी आसंच व्हईल."

सात महिन्यांच्या उन्हापाण्यानंतर एक बसणारी शाई पास झाली. इथपर्यंतचं सगळं मला हसत सांगता येतं. यापुढचं येत नाही.

ती शाई संपत आली ऐन आखाडात, म्हणजे भोरला ऊन नावालाही नसतं तेव्हा. पुण्याहून तीच बाटली पुन्हा आली. तेच लेबल, तोच दुकानदार, "सेम टू सेम, मामा" असं फोनवर आश्वासन. कामं अडली होती, लोकांना पितृपक्षाच्या आत फोटो हवे होते. मामा एका हातात जुनी पट्टी आणि दुसऱ्या हातात नव्या बाटलीची पट्टी घेऊन माझ्याकडे आले. "ताई, जरा बगा. सारकंच हाय का?"

मी आरशाची काच कापत होते. काच अर्धी कापली की थांबता येत नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्या पट्ट्यांचा वीट आला होता. त्या दिवसांत ते दिवसातून पाच वेळा काहीतरी दाखवायला यायचे. मी तिरकी नजर टाकली. नवी पट्टी जरा जास्तच चमकतेय असं वाटलंसुद्धा. "सारखंच आहे हो," मी म्हणाले. "बरं," मामा म्हणाले आणि गेले. त्या बाटलीतून त्यांनी नऊ फोटो छापले आणि नऊच्या नऊ मी माझ्या हातांनी फ्रेममध्ये घातले.

पितृपक्ष लागला, आणि दुसऱ्याच दिवशी भाटघरची एक बाई सकाळी मामांच्या गाळ्यात येऊन उभी राहिली. एका हातात फ्रेम, दुसऱ्या हातात फडकं. फडकं काळं झालेलं. फोटोत सदऱ्याची कॉलर होती, मान होती, हनुवटी होती. वर काही नव्हतं, पांढरट डाग होता. ती भांडायला आली असती तर परवडलं असतं. ती दबक्या आवाजात बोलत होती. "मामंजी रुसले वो. म्या अंघोळ घालाय गेले आन् त्ये निगूनच गेले. घरात कुनाला सांगितलं न्हाई अजून. माज्या हातनं काय पाप झालं आसंल?"

मामा उठले. आतून नव्या बाटलीची पट्टी आणली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला. काळा रंग थेंबात शिरला आणि पट्टीवरून ओघळून टेबलाच्या कडेपर्यंत गेला. बाटलीवरचं लेबल बसणाऱ्या शाईचं होतं आणि आत मुरणारी भरलेली होती. मामांनी त्या बाईला खुर्चीवर बसवलं. "रुसले न्हाईत, बाई. शाई फसवी निगाली. मामंजींचा चेहरा हाय माज्याकडं. चांगल्या शाईचा तळ ठिवलाय म्या, सांजच्याला नवा फोटु देतो." ती रडायला लागली. मामांचा चेहरा तिच्याहून पांढरा पडला होता.

कुठल्या बाटलीतून कुणाचा फोटो निघाला, हे ते वहीत लिहून ठेवायचे. आम्ही वही घेऊन बसलो. सहा घरांना फोन लागले, फोटोला पाणी लावू नका म्हणून सांगितलं. एक घर गावातच होतं, तिथं मी धावत गेले. राहिली पासलीची हिराबाई. पासलीला रेंज नाही. आणि बाकी सगळ्यांचे चेहरे मामांच्या कॉम्प्युटरमध्ये होते, हिराबाईचे मालक गेनबा मात्र नव्हते. श्रावणात कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा ज्या फायली परत मिळाल्या नाहीत, त्यांत ते गेले. मूळ फोटो पासबुकावरचा, आणि खातं बंद करताना पासबुक बँकेनं जमा करून घेतलेलं. मतदानाचं कार्ड उंदरांनी खाल्लेलं, आधार कार्डावर चेहऱ्याच्या जागी काळा डाग. याखेरीज गेनबांनी जन्मात फोटो काढलाच नव्हता. त्यांचा चेहरा या जगात त्या एका कागदावर उरला होता.

गेनबांचा म्हाळ पहिलाच, ती तिथी मामांना अजून ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी हिराबाईच्या लेकाला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "वडलांचा म्हाळ? आजच हाय की. भावकी जमली की आई अंघोळ घालंल."

भोरहून पासलीला जायचं तर कापूरहोळ, हमरस्त्यानं चेलाडी, मग नसरापूर, वेल्हे आणि वर डोंगर. एसटीची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी स्कूटी काढली. मामा जन्मात कधी स्कूटीवर बसले नव्हते. पाऊस लागला होता. ते मागं बसून माझा रेनकोट मुठीत धरून त्रिशरण पुटपुटत होते. एका दमात "हळू घ्या" म्हणायचे आणि लगेच "ताई, जरा जोरात." नसरापूरला पेट्रोलसाठी थांबावं लागलं, तेवढ्यात ते दोनदा म्हणाले, "आता उतरवला आसंल भिंतीवरनं." मी पेट्रोलच्या काट्याकडे बघत राहिले. त्यांना पाण्याची आणि फडक्याची भीती होती. मला त्यांनी विचारण्याची भीती वाटत होती, की ताई, तुम्ही पट्टी बघितली होती ना? वेल्ह्याच्या पुढं रस्त्यावर लाल पाणी वाहत होतं. घसरून पडलो असतो तर बरं, असंही एकदा माझ्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगू.

हिराबाईच्या ओसरीवर भावकीतली चार माणसं गप्प बसली होती. स्वयंपाक झालेला, पानं मांडलेली, पण कुणी जेवायला बसलं नव्हतं. हिराबाई मधल्या घरात मांडी घालून बसली होती. मांडीवर पाट, पाटावर फोटो, उजव्या हातात ओलं फडकं हवेत धरलेलं. तिनं मान वळवली नाही. "कोन हाय?" म्हणाली. "जवळ येऊ नगा. पानी हालंल."

टोपी गेली होती. कपाळ गेलं होतं, उजवा डोळा गेला होता. डाव्या भुवईच्या वर पाण्याचा एक टपोरा थेंब थांबला होता, आणि पाट जरा कलता तर तो डोळ्यावरून खाली आला असता. "टोपी पुसली तवाच काळं आलं," ती म्हणाली. "म्हनलं, धूर आसंल. मग डोळा गेला. मग म्या हाललेच न्हाई. भात उतरवल्यापास्नं अशीच बसलीया."

मामा तिच्यासमोर खाली बसले. त्यांनी खिशातला कापूस काढला, पण त्यांचे हात इतके कापत होते की त्यांनी तो माझ्याकडे दिला आणि हात काखेत दाबून धरले. "ताई, तुमी. वात करा. पुसायचं न्हाई. थेंबाला टेकवायची, पानी पिऊ द्यायचं, आन् उचलायची." काच कापणाऱ्या बाईचा हात हलत नसतो, असा माझा तोरा होता. त्या दिवशी मी श्वास कोंडला, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि वात टेकवली. थेंब कापसात चढला. मी उचलली. भुवई जरा विरली होती, पण डोळा होता. गेनबा एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होते. इतकी भीती मला आयुष्यात आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

आम्ही तो पाट तसाच उचलून दारातल्या उजेडात नेला आणि मोबाईलवर वीस-पंचवीस फोटो काढले. मग मामा हिराबाईकडे वळले. ती अजून फडकं धरूनच बसली होती. "बाई, मालक रागावले न्हाईत. तुमच्या हातनं काय बी चुकलं न्हाई. चूक माजी हाय. नवी शाई म्या पान्यात घालून बगितली न्हाई." तिनं आता कुठं मान वर केली. "मंजी त्ये मला सोडून गेले न्हाईत?" "न्हाई," मामा म्हणाले. मग तिनं फडकं खाली ठेवलं. भावकीतल्या एका म्हातारीनं येऊन तिचा आखडलेला हात चोळला, आणि माणसं पानावर बसली. आणि मी, जी गावभर तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे, ती तिथं तोंड उघडू शकले नाही.

परतताना वेल्ह्याच्या स्टँडवर चहाला थांबलो. मामा बशीत चहा ओतत होते. माझा कप तसाच होता. "मामा, त्या दिवशी मी पट्टी नीट बघितलीच नव्हती," मी म्हणाले.

"म्हाईत हाय."

मी कप बाजूला सारला. ते बशीत फुंकर मारत म्हणाले, "मोतीबिंदू हाय मला, दोन वर्सं झाली. घरात बी कुनाला सांगितलं न्हाई. म्हनून तर सारका तुमच्याकडं येत हुतो. पट्टी मला दिसत न्हवती, ताई. पर तुमी मान वर केली न्हाई, त्ये दिसलं."

"मग छापलंत कशाला?"

"मला बी 'सारकंच' ऐकायचं हुतं. तुमी न्हाई म्हनला असता तर मला कबूल कराय लागलं असतं, की डोळे गेले. मग हापरेशन. त्याचं मला लई भ्या वाटतं." त्यांनी चहा पिऊन बशी पालथी ठेवली. मला रडू आलं, आणि रागही आला, आम्हा दोघांचाही. बावीस वर्षं मी ज्या भीतीची चेष्टा केली, ती निम्मी तरी खरी होती, आणि खरी कुठली ते मी एकदाही विचारलं नव्हतं.

पुढं हिराबाई लेकाबरोबर भोरला आली आणि दोन दिवस मामांच्या गाळ्यात बसून राहिली. मामांनी डाव्या डोळ्यावरून उजवा डोळा केला. ती म्हणाली, "ह्ये आमचे न्हवं. उजवा डोळा बारीक हुता, जरा झाकल्यावानी." मामांनी बारीक केला. "लई झाकला. आसं नीज आल्यावानी न्हवते बगत." पुन्हा केला. टोपी मागं सारली, कपाळावर एक आठी घातली, मग दुसरी काढून टाकली. कुठलीही जागा काळी आहे की राखाडी, हे मामा मला विचारत होते आणि मी प्रत्येक वेळी खुर्ची ओढून, चष्मा पुसून बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी हिराबाई बोलायची थांबली आणि तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मामांनी तो चेहरा तीन वेगवेगळ्या ठिकाणी सेव्ह केला.

थंडीत त्यांनी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. जाताना खिडकीतल्या पट्ट्या मला अशा समजावून दिल्या, की जणू परत यायचेच नव्हते. आल्यावर पहिल्यांदा त्यांनी त्या पट्ट्या बघितल्या आणि हिरमुसले. "ह्यातल्या निम्म्या निळ्या हायेत की." मग नव्या दुकानदाराची नवी शाई, तिचं ऊन, तिचं पाणी, तिचा धूर, सगळं पहिल्यापासून. आता लेबल तेच असलं तरी प्रत्येक बाटलीची पट्टी पाण्यात जायची. उन्हाळा संपता संपता एक पास झाली, आणि तिच्यातला पहिला फोटो गेनबांचा.

पुढच्या म्हाळाला तो फोटो घेऊन मामा स्वतः पासलीला गेले, आणि स्कूटीवर बसवून मीच नेलं. त्यांना तेव्हा धाप लागायची. पुढची थंडी काही त्यांनी पाहिली नाही, त्याआधीच ते गेले, त्यामुळे मला ते आठवतात ते त्या दिवशीचे. हिराबाईनं पाट मांडला, फोटो ठेवला, पितळी वाटीत पाणी आणि नवं फडकं आणलं. आणि बसून राहिली. "मला भ्या वाटतं," ती म्हणाली.

"पुसा," मामा म्हणाले. "म्या हितं हाय तवर पुसा." असं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. ऑपरेशन करून नजर आणलेला माणूस, ऐन वेळी डोळे मिटून भिंतीला पाठ लावून उभा. "ताई, तुमी बगा."

हिराबाईनं फडकं भिजवलं, पिळलं आणि टोपीवर ठेवलं. मी वाकून बघत होते. फडकं टोपीवरून कपाळावर आलं, कपाळावरून उजव्या डोळ्यावर आलं, गालावर गेलं. तिनं फडकं उलटं करून बघितलं. पांढरं होतं. मी मामांना सांगायच्या आधी तीच म्हणाली, "ऱ्हायले."

"आनिक येकदा पुसा, बाई," मामा डोळे न उघडता म्हणाले.

तिनं दुसऱ्यांदा पुसलं. मग फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि उठून मामांच्या हातात दिलं. घरातल्या पितराला अंघोळ घालायची ती घरच्या नाहीतर भावकीतल्या माणसानं, बाहेरच्यानं नाही. ओसरीवरचा एक म्हातारा खाकरला. हिराबाईनं तिकडे बघितलंही नाही. "आता तुमी घाला," ती मामांना म्हणाली.

मामांनी डोळे उघडले. हातातल्या फडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग चपला तर बाहेर काढलेल्याच होत्या, तरी पाय एकदा दारातल्या पायपुसण्यावर पुसले, पाटासमोर बसले, आणि गेनबांचा उजवा, बारीक डोळा हलक्या हातानं पुसला.